मोनो झालाय का? आधी ताप कधी आला ती तारीख सांगा

मी कराडला एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी औषधाचं नाव विचारायला नको. पण बावीस वर्षं रोज स्लाइड बघतेय आणि गेल्या वर्षी हे दुखणं आमच्याच घरात, माझ्या भाच्याला झालं, त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयत. मोनोन्यूक्लिओसिस, कोणी मोनो म्हणतं, जुने डॉक्टर ग्लँड्युलर फीव्हर म्हणतात, रिपोर्टवर ईबीव्ही लिहिलेलं असतं, सगळं एकच (म्हणजे जवळपास एकच, ते पुढे येईल).

पहिलं काम म्हणजे ताप किंवा कणकण ज्या दिवशी सुरू झाली ती तारीख कागदावर लिहा, मोबाईलमधे लिहा, कुठेही लिहा. हसू नका. या आजारात कुठली टेस्ट कधी खरं बोलते, कधी खोटं बोलते, पोट कधी सांभाळायचं, मैदानावर कधी परत जायचं, सगळं त्या तारखेपासून मोजायचं असतं. आमच्याकडे पेशंट येतो, विचारलं ताप कधीपासून, तर "झाले की चार-पाच दिवस", बाजूला बसलेली आई म्हणते "अहो कुठले चार, नऊ झाले, मागच्या रविवारपासून चाललंय". ह्या चार की नऊच्या गोंधळात टेस्ट निगेटिव्ह येते आणि मग पुढे सगळं वाकड्या वाटेनं जातं.

भाच्याचंच सांगते. पुण्यात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर, कबड्डी खेळणारा, धडधाकट. भाऊबीजेला घरी येऊन गेला आणि आठवड्याने शनिवारी कणकण सुरू. वहिनीचा पहिला संशय फराळावर, चकल्या तळलेल्या तेलावर. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोटो पाठवला, दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या सुजलेल्या, रूममेट म्हणे रात्रभर रडला का रे. त्याच दिवशी डेंग्यूची एनएस१ केली, निगेटिव्ह. चौथ्या दिवशी घसा इतका धरला की पाणी गिळताना डोळ्यांत पाणी, तर हा पठ्ठ्या कुठे गेला, मेडिकलवाल्याकडे. डॉक्टरची चिठ्ठी नाही काही नाही, त्याने अमॉक्सिसिलिनची, म्हणजे अँटिबायोटिकची, पट्टी काढून दिली. सहाव्या दिवशी ताप तसाच म्हणून कुठेतरी विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी) केली, ती आली एकास ऐंशी, झालं, टायफॉईड म्हणून शिक्का. अकराव्या दिवशी छाती-पाठ-पोट लालबुंद पुरळाने भरलं, तेव्हा आत्याची आठवण झाली.

"आत्या, अंगावर गोवर उठलाय बहुतेक."
"लहानपणी लस दिलीय तुला. गोळ्या कुठल्या घेतोयस ते सांग आधी."

त्याने नाव सांगितलं आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. म्हटलं पुढची गोळी घेऊ नकोस, आणि होस्टेलच्या डॉक्टरांना पुरळ दाखवून, श्वास वगैरे ठीक आहे ना ते बघून मगच एसटीत बस.

आता हे होतं कशामुळे ते बघू. व्हायरसचं नाव एपस्टाइन-बार, ईबीव्ही. १९६४ साली लंडनमधे अँथनी एपस्टाइन, यव्होन बार आणि बर्ट अचाँग या तिघांना तो युगांडाहून आलेल्या एका गाठीच्या नमुन्यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला. पण तो मोनो करतो हे कळलं नंतर, आणि कसं कळलं ते मला फार आवडतं, कारण ती गोष्ट आमच्याच लाईनची आहे. फिलाडेल्फियाला हेन्ले नवरा-बायकोची लॅब होती, तिथल्या एका टेक्निशियन मुलीच्या रक्तात या व्हायरसच्या अँटीबॉडीज (लागण झाल्यावर शरीर रक्तात तयार करतं ती प्रथिनं) नव्हत्या म्हणून तिचं रक्त तुलनेला वापरायचे. ती आजारी पडली, मोनो निघाला, परत आल्यावर बघतात तर रक्तात अँटीबॉडीज हजर. १९६८ मधे ते छापून आलं. म्हणजे इतका मोठा शोध लागला तो एका टेक्निशियनच्या सिक लीव्हमुळे.

पसरतो कसा, याला इंग्रजीत किसिंग डिसीज म्हणतात, आणि तेच नाव गूगलवर वाचून वहिनीने फोन करून पोराला "कोण आहे ती, खरं सांग" असं सुरू केलं होतं. बिचारा तापात. अहो आपल्याकडे त्यासाठी एक शब्द कधीचा आहे, उष्टं. थुंकीतून पसरतो, संपला विषय. चुंबनातून जातो हे खरंच, पण एकाच बाटलीला तोंड लावणं, एकाच चमच्याने दहीवडा, अर्धं खाल्लेलं आईस्क्रीम, दुसऱ्याचा ब्रश, हे सगळं त्यातच आलं. लहानपणी आपण पेरू चिमणीच्या दातांनी तोडायचो ना, फ्रॉकचं टोक मधे धरून, ते काही अगदी वेडेपणाचं नव्हतं. बाटली वरून पिणारी पिढीसुद्धा शहाणीच. रक्त, अवयव-रोपण यातूनही जाऊ शकतो, पण ते क्वचित. नुसतं एका खोलीत बसून किंवा शिंकेतून सहसा नाही, त्यामुळे पेशंटला कोपऱ्यातल्या खोलीत कोंडून ठेवायची काही गरज नाही, ताट-वाटी-बाटली वेगळी केली की पुरे.

आणि कोणाकडून लागला ते शोधायच्या भानगडीत पडू नका. अंगात शिरल्यापासून ताप यायला चार ते सहा आठवडे लागतात. परत कॅलेंडर काढा. भाच्याचा ताप भाऊबीजेनंतर आठवड्याने, तिथून मागे मोजलं की आपण थेट नवरात्रात जाऊन पडतो, म्हणजे गरब्याला सगळ्यांनी मिळून फिरवलेल्या ताकाच्या बाटल्या. चकलीचं तेल निर्दोष सुटलं. त्यात ज्याच्याकडून आला त्याला स्वतःला काही होत नसेल असंही होतं, कारण हा व्हायरस एकदा अंगात आला की मुक्काम कायमचा, आणि थुंकीत अधूनमधून डोकावत राहतो, आयुष्यभर. आजारपणानंतर तर कित्येक महिने थुंकीत सापडतो. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात तो आहे, तुमच्या आहे, माझ्या आहे.

मग सगळ्यांना मोनो का नाही झाला? वयामुळे. दोन-तीन वर्षांच्या पोराला आजीने घास मऊ करून भरवला, काकाने पापी घेतली, त्यातून लागण झाली तर साधी सर्दी-तापासारखं काहीतरी होतं नाहीतर काहीच होत नाही, कोणाला कळतही नाही. तीच लागण पंधरा ते पंचविशीत पहिल्यांदा झाली तर शरीर नुसतं पेटून उठतं. आपल्याकडे बहुतेकांची लागण लहानपणीच उरकते, म्हणून अमेरिकेत कॉलेजात जसा हा आजार सर्रास दिसतो तसा आपल्याकडे दिसत नाही, आणि म्हणूनच डॉक्टरांच्याही डोक्यात तो पटकन येत नाही. आमचा भाचा एकुलता एक, वहिनी लहानपणी कोणाला त्याची पापी घेऊ द्यायची नाही, चमचेसुद्धा उकळायची. तिला हे मी अजून सांगितलेलं नाही.

लक्षणांकडे येऊ. तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मोनोचा विचार करायचा, ताप, घसा आणि मानेतल्या गाठी. आणि चौथी म्हणजे थकवा, पण साधा थकवा नाही, आंघोळ करून आलं की परत आडवं व्हावंसं वाटतं असा. घसा बघताना पोराला खिडकीपाशी बसवा, मोबाईलचा टॉर्च लावा, जीभ चमच्याने दाबा. टॉन्सिल सुजून मोठे, वर पांढरट-करडा थर, टाळूवर लाल टाचणीएवढे ठिपके, असं दिसू शकतं. आता इथे सांभाळायचं, कारण स्ट्रेप नावाच्या जंतूनेही घसा असाच दिसतो, आणि घटसर्पातही करडा पापुद्रा येतो, तो पुसायला गेलं तर रक्त येतं. तुम्ही पुसायला जाऊ नका, नुसतं बघा आणि डॉक्टरला दाखवा, घटसर्पात वेळ घालवायचा नसतो.

गाठी बघायची रीत अशी. मान सैल, खाली थोडी झुकलेली, तीन बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने कानामागून खांद्याकडे उतरत जायचं, मानेच्या मागच्या बाजूने. मोनोत दोन्हीकडे, मागच्या रेषेत, हरभऱ्याएवढ्या-बोराएवढ्या, दाबलं तर दुखणाऱ्या, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी लागतात. साध्या टॉन्सिलमधे जास्त करून पुढे, जबड्याच्या कोनाखाली लागतात. गालगुंडात सूज कानाच्या पुढे-खाली येते आणि कानाची पाळी उचलली जाते, ते वेगळं. काखेत, जांघेतही अवधाण आल्यासारखं वाटू शकतं. आणि गाठ न दुखणारी, एकमेकींना चिकटलेली, महिना झाला तरी जात नाही, संध्याकाळी ताप, वजन उतरतंय, तर मग टीबीची शंका घ्यायची, ज्याला गंडमाळ म्हणायचे, किंवा कडक दगडासारखी असेल, गळपट्टीच्या हाडाच्या वर असेल, तर सुई घालून तपासावीच लागते. त्यात मोनो मोनो करत बसू नका.

पापण्यांची सूज सांगितलीच, सुरुवातीला काहींना येते आणि जाते, फोटो काढून ठेवा. बाकी भूक मरणं, डोकं दुखणं, रात्री घाम, उजव्या बरगडीखाली जडपणा, क्वचित डोळे पिवळे. डोळे पिवळे झाले की लगेच कावीळ उतरवायला नेऊ नका हो, गळ्यात मुळ्यांची माळ घालून एलएफटी (लिव्हरच्या तपासणीचे आकडे) खाली येत नाही, ती येते आपली आपण.

आता माझं खातं, टेस्ट.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे हिमोग्राम, सीबीसी. पण लॅबला सांगायचं, नुसता मशीनचा प्रिंट नको, स्लाइड बघा. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त मशीनमधे घातलं की आकडे येतात, मशीन फार तर खूण करतं की काहीतरी वेगळं आहे, पण काय वेगळं ते डोळ्यांनीच बघावं लागतं. भाचा बाराव्या दिवशी आला, थेट लॅबमधेच. टोटल काउंट (एकूण पांढऱ्या पेशी) १४,८००, त्यात लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ६४ टक्के, प्लेटलेट १,३२,०००. दादा मागे उभा राहून रिपोर्ट वाचतोय आणि म्हणतो, "अगं पण मोनोसाइट तर ६ टक्केच आहेत, नॉर्मल आहेत, मग मोनो कसला?" हा प्रश्न मला आत्तापर्यंत निदान दहा जणांनी विचारला असेल. नावावर जाऊ नका. १९२० मधे बाल्टिमोरच्या स्प्रंट आणि इव्हान्स या दोन डॉक्टरांनी नाव ठेवलं, एकाच केंद्रकाच्या पेशी वाढलेल्या दिसल्या म्हणून, त्या पेशी निघाल्या लिंफोसाइट. रिपोर्टमधली मोनोसाइटची ओळ सोडून लिंफोसाइटची ओळ बघायची. लिंफोसाइट पन्नास टक्क्यांच्या वर आणि त्यात अॅटिपिकल, म्हणजे रूप बदललेल्या, दहा टक्क्यांच्या वर असतील तर मोनोकडे बोट जातं.

त्या कशा दिसतात सांगते. लीशमन स्टेन केला, म्हणजे स्लाइड रंगवली, तेलाचा थेंब टाकला, शंभरची लेन्स लावली. साधी लिंफोसाइट म्हणजे मोहरीसारखी, गोल, जवळजवळ सगळी जांभळी, कडेला निळी रेघ. आणि ही अॅटिपिकल म्हणजे तव्यावर पसरलेलं धिरडं. मोठी, ऐसपैस, फिकट निळी, आणि बाजूला लाल पेशी असेल तिथे तिला वळसा घालून, तिला खेटून पसरते, कडा तेवढी गडद निळी. भाच्याच्या स्लाइडवर शंभर पेशी मोजल्या, अठरा अशा. खरं सांगते, पोटात गोळा आला होता, कारण ब्लड कॅन्सरच्या पेशीसुद्धा मोठ्याच असतात. पण त्या सहसा सगळ्या एका छापाच्या दिसतात, आणि इथे एक लांबट, एक पसरट, एक दुमडलेली, जत्रा होती नुसती. तरी मी काही बोलले नाही, मॅडमना, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्टना स्लाइड दाखवली, त्यांनी शांतपणे बघून म्हटलं रिअॅक्टिव्ह आहेत (म्हणजे लागणीमुळे चवताळलेल्या, कॅन्सरच्या नाहीत), ईबीव्ही पाठव. शंका असेल तेव्हा हे टेक्निशियनने किंवा मशीनने नाही, पॅथॉलॉजिस्टनेच ठरवायचं असतं.

एक मेख आहे. अशा पेशी डेंग्यूतही दिसतात, आणि आपल्याकडे जुलै ते नोव्हेंबर तर डेंग्यूच जास्त. मग फरक कसा करायचा? डेंग्यूत टोटल काउंट सहसा खाली जातो, तीन-चार हजार, प्लेटलेट झपाझप उतरतात, घसा इतका वाईट नसतो. मोनोत दुसऱ्या आठवड्यात काउंट वर, प्लेटलेट थोड्याशाच कमी. एनएस१ पहिल्या पाच दिवसांत केली तर कामाची, आठव्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं नाही, तेव्हा डेंग्यूची आयजीएम (ताज्या लागणीत येणारी अँटीबॉडी) बघावी लागते. आणि विडालचं तर काय सांगू, एकदा केलेली एकास ऐंशीची विडाल आपल्या भागात कित्येक निरोगी माणसांचीही येईल, टायफॉईड बघायचा तर ब्लड कल्चर करा, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. रोज सॅम्पल घेणारी मी सांगतेय, विडालवर जेवढे टायफॉईड ठरतात तेवढे खरे नसतात.

मोनोची खास टेस्ट दोन प्रकारची. एक मोनोस्पॉट. १९३२ साली पॉल आणि बनेल यांना कळलं की या पेशंटचं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) मेंढीच्या लाल पेशींच्या गुठळ्या करतं, का ते विचित्रच, पण करतं, त्याचीच ही सोपी केलेली आवृत्ती. पटकन होते. पण तारीख बघा, पहिल्या आठवड्यात दर चार खऱ्या पेशंटपैकी साधारण एकाची निगेटिव्ह येते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चुकण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. आणि चार वर्षांखालच्या मुलांत तर तिच्यावर भरवसा ठेवूच नये. तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून रिपोर्ट फाईलला लावून मोकळं व्हायचं नाही, आठवड्याने परत करायची. छोट्या लॅबमधे हे किट बहुतेक नसतं, आमच्याकडे नाही.

दुसरी म्हणजे ईबीव्हीच्या अँटीबॉडीज. सीरम लागतं, आम्ही मोठ्या लॅबला पाठवतो, दोन-तीन दिवस लागतात. यात तीन ओळी येतात आणि लोक तिथेच घाबरतात. व्हीसीए आयजीएम, व्हीसीए आयजीजी आणि ईबीएनए आयजीजी (व्हीसीए आणि ईबीएनए ही व्हायरसच्या दोन वेगळ्या भागांची नावं). व्हीसीए आयजीएम आजार सुरू होताना येते आणि महिना-दीड महिन्यात, कधी तीन महिन्यांत जाते, म्हणजे ती ताज्या लागणीची. व्हीसीए आयजीजी त्याच काळात वाढते पण आयुष्यभर राहते. आणि ईबीएनए सगळ्यात उशिरा येते, आजार सुरू झाल्यापासून दोन ते चार महिन्यांनी, आणि मग तीही जन्मभराची सोबत. आता वाचा. आयजीएम पॉझिटिव्ह, ईबीएनए निगेटिव्ह, म्हणजे आत्ताचा मोनो, भाच्याचं असंच आलं. आयजीएम निगेटिव्ह, बाकी दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे लहानपणी कधीतरी होऊन गेलाय, आजच्या तापाचा त्याच्याशी सहसा संबंध नाही, दुसरं कारण शोधा. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे अजून गाठच पडली नाही किंवा फार लवकर टेस्ट केलीत. नुसती आयजीजी पॉझिटिव्ह बघून रडत फोन करणाऱ्या बायका मला येतात, अहो ती माझीही पॉझिटिव्हच येईल.

आणि सगळ्या टेस्ट निगेटिव्ह, चित्र मात्र मोनोचंच, तर? मग सीएमव्ही (दुसरा एक व्हायरस) असू शकतो, टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) असू शकतो, आणि एचआयव्हीची अगदी सुरुवातीची लागणही अशीच दिसते, ताप-घसा-गाठी-पुरळ. डॉक्टर एचआयव्ही करू म्हणाले तर तोंड वाकडं करू नका, गुपचूप करून घ्या, ती नेहमीचीच पद्धत आहे. एलएफटी पण करतात, त्यातली एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की वाढते ती) बहुतेकांची वाढलेली असते, भाच्याची १४२ होती, महिन्याभरात उतरली.

त्या पुरळाचं राहिलं. मोनोमधे अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन घेतलं की बऱ्याच जणांना, सगळ्यांना नाही, आठवड्याभरात असं पुरळ उठतं. व्हायरसवर ती गोळी चालत नाहीच, वर हा ताप. आणि नंतर फाईलवर मोठ्या अक्षरात पेनिसिलिन (अमॉक्सिसिलिन त्याच कुळातलं) अॅलर्जी लिहून टाकतात, ते आयुष्यभर पोराच्या मागे लागतं. हे पुरळ म्हणजे कायमची अॅलर्जी असतेच असं नाही, बरं झाल्यावर डॉक्टरांना नीट विचारून ते ठरवून घ्या. मात्र ओठ-जीभ सुजली, दम लागला, अंगावर फोड आले तर विचारत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

उपाय म्हणाल तर खास औषध नाही, लस पण नाही. आराम, पाणी, तापाला पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील त्या हिशोबात, कारण लिव्हर आधीच कुरकुरत असतं. दारू अजिबात नको. अॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही, आणि डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत आयब्युप्रोफेनपण लांबच ठेवा. अॅसायक्लोव्हिरने, म्हणजे व्हायरसवरच्या औषधाने, साध्या मोनोत फरक पडत नाही. स्टेरॉईड घसा बंद व्हायला आला तरच, दोन दिवस लवकर बरं वाटावं म्हणून नाही. मिठाच्या कोमट गुळण्या, मऊ भात, पेज, ताक, आणि हो, गार आईस्क्रीम चालतं, घशाला बरं वाटतं, ह्यावर माझं आणि वहिनीचं अर्धा तास भांडण झालं, शेवटी डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तिने दिलं, तेही चमचा मोजून.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पोट. मोनोत प्लीहा, जुनी माणसं जिला पानथरी म्हणतात, ती सुजते, साधारण निम्म्या जणांची. डाव्या बरगडीच्या आड लपलेली असते, सुजली की नाजूक होते, आणि फार क्वचित फुटते, हजारात एक ते पाच जणांत वगैरे. पण फुटली तर पोटात रक्तस्राव, जिवावरचं काम. पहिल्या तीन आठवड्यांत धोका जास्त. म्हणून ताप आला त्या तारखेपासून निदान तीन-चार आठवडे कबड्डी, फुटबॉल, कुस्ती, जिम बंद, भरलेला गॅस सिलेंडर उचलणं बंद, भावंडांची मस्ती बंद. गंमत म्हणजे ताप गेलेला असतो, घसा मोकळा झालेला असतो, पोराला वाटतं झालो की बरा, आणि नेमका तेव्हाच तिसरा आठवडा चालू असतो. आणि घरातल्यांनी दर दोन तासांनी पोट दाबून बघू नये, लागतेय का अजून म्हणून. ते काम डॉक्टरांचं, तेही हलक्या हाताने. मैदानावर परत कधी ते डॉक्टर तपासून सांगतील.

लगेच उठून हॉस्पिटल गाठायचं ते कधी, तर डाव्या बरगडीखाली अचानक जोराचं दुखलं, किंवा काही लागलेलं नसताना डावा खांदा दुखायला लागला (ही पानथरीचीच खूण असते), चक्कर आली, पांढराफटक पडला. श्वास घेताना घरघर, स्वतःची थुंकी गिळता येईना, तोंडातून गळतेय. मान आखडली, बडबडायला लागला. लघवी दिवसभरात एकदाच झाली. यातलं काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

बाकी बहुतेक जण दोन ते चार आठवड्यांत उठून कामाला लागतात, थकवा मात्र काहींचा दोन-दोन, तीन-तीन महिने रेंगाळतो. भाचा महिन्याने कॉलेजला गेला तरी दुपारच्या लेक्चरला झोपायचा, सरांना वाटायचं मोबाईल बघत जागतो, शेवटी डॉक्टरांचं पत्र दिलं. दादाने मधे गूगल करून या व्हायरसमुळे कॅन्सर होतो, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू-मज्जातंतूंचा आजार) होतो असं सगळं वाचून काढलं. संबंध आहे, खोटं नाही, पण जो व्हायरस दहातल्या नऊ जणांच्या अंगात आहे त्यातल्या फार थोड्यांना ते होतं, आणि त्यासाठी आज करायचं असं काही नाही. घरात कोणाची किडनी बदललेली असेल किंवा केमो चालू असेल तर मात्र पेशंटच्या उष्ट्यापासून त्यांना जपा. आणि आजारपणात रक्तदान नको.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी पोट तपासलं आणि हळूहळू सुरुवात कर म्हणून सांगितलं, आधी पळणं, मग पकडी. तो हॉस्टेलवर गेला आणि चार दिवसांनी रात्री अकराला फोन, आवाज वेगळा. रूममेट होता, तोही मला आत्याच म्हणतो.

"आत्या, मलापण कणकण वाटतेय, घसा खवखवतोय."
"तारीख लिहिलीस का?"
"हो. आज संध्याकाळी साडेसात."

वेळसुद्धा लिहिली होती पोराने. मी म्हटलं गोळी-बिळी काही घेऊ नकोस, दोन दिवस बघ, ताप वाढला तर डॉक्टर. तिसऱ्या दिवशी नाक वाहायला लागलं, साधी सर्दी निघाली.